एक अंगावर, एक दोरीवर, एक कपाटात

मुलांना कपडे नेमके किती हवेत, हा प्रश्न आपल्या घरांत सहसा कुणी विचारत नाही. कपाटाचे दार लागेनासे झाले, सकाळी शाळेच्या घाईत ढिगाखालची चड्डी सापडेनाशी झाली, किंवा दिवाळीच्या आवराआवरीत किमतीची चिठ्ठीही न काढलेला आणि आता तोकडा झालेला फ्रॉक हाती लागला, की तो मनात येतो. पण तेवढ्यापुरताच. 'किती हे कपडे!' असे म्हणत सगळे पुन्हा कोंबले जाते आणि पुढच्या सणाला नवी खरेदी होते.

घरातल्या इतर गोष्टींचे असे नसते. चौघांना महिन्याला गहू किती लागतात, तेल किती लागते, गॅसचे सिलिंडर किती दिवस पुरते, हे घर चालवणाऱ्या माणसाला तोंडपाठ असते. मुलांच्या कपड्यांचा हिशेब मात्र आपण रुपयांत ठेवतो, नगांत ठेवत नाही. 'दोन हजारांत दोघांचे झाले' हे लक्षात राहते. त्या खरेदीपूर्वी कपाटात किती होते आणि त्यांतले किती अंगाला होत होते, हे कुणी मोजलेले नसते. मोजायला बसलो तर उत्तर अवघड नाही. जुन्या घरांतल्या बायकांना ते कागद-पेन्सिलीवाचून येत होते.

जुन्या घरातला हिशेब

आज पन्नाशी-साठीत असलेल्यांना तो आठवत असेल. चाळीतल्या किंवा वाड्यातल्या मध्यमवर्गीय घरात मुलामागे शाळेचे दोन जोड, घरातले दोन-तीन आणि 'चांगला' एक. हा चांगला पोशाख ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांच्या वासात असे आणि लग्न-मुंजीला, सत्यनारायणाला बाहेर येई. दिवाळीला एकाच ताग्यातले कापड आणून सगळ्या भावंडांना शिवले जाई. भावांचे सदरे, बहिणीचा फ्रॉक आणि उरलेल्या तुकड्यातून उशीचा अभ्रा. मंडळी रांगेने चालली की कुणाची मुले ते सांगावे लागत नसे.

शिंप्याला सूचना ठरलेली असे: 'वाढत्या अंगाचे शिवा.' म्हणजे खांदा थोडा उतरता, बाही मनगटाखाली आणि खाली चार बोटे दुमड. पहिल्या वर्षी कपडा ढगळ, दुसऱ्या वर्षी बरोबर, तिसऱ्या वर्षी दुमड उसवून लांब केलेला. उसवलेल्या जागी मूळ रंगाची गडद रेघ दिसे आणि ती वर्गात सगळ्यांना दिसे. नंतर तो धाकट्याकडे उतरे. विटला-फाटला की त्याचे फडके होई, मऊ सुती असेल तर बाळाचे दुपटे किंवा गोधडीतला एक थर. नव्या बाळाला पहिल्यांदा वापरलेलेच झबले घालण्याची रीत अनेक घरांत होती. पुष्कळ पाण्यातून निघालेले सुती कापड नव्या कापडापेक्षा कोवळ्या कातडीला मऊ लागते, हे त्या रीतीमागचे साधे शहाणपण.

या सगळ्याचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. टंचाईला संस्कार म्हणण्याची आपल्याला सवय आहे. धाकट्याला वर्षानुवर्षे नवे असे काही मिळत नसे, मुलीला भावाचा सदरा घालून खेळायला जावे लागे आणि चड्डीच्या ठिगळावरून हसणारी मुले त्या काळातही होती. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून नेतो. तो प्रसंग इतक्या पिढ्यांना भिडला, कारण एक नवा कोट घरात येणे म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला ठाऊक होते.

पण त्या टंचाईत एक हिशेब होता आणि तो धुण्यावरून बसवलेला होता. एक अंगावर, एक दोरीवर, एक कपाटात. अंगावरचा मळणार, दोरीवरचा वाळणार आणि मधेच काही सांडले, भिजले, पाहुणे आले तर कपाटातला निघणार. याहून कमी असले की आईची ओढाताण, आणि याहून जास्त असले की ते नुसते ठेवायचे.

ताग्याकडून ढिगाकडे

हा हिशेब मोडला तो काही एका दिवसात नाही. आधी टेरिकॉट आले. ते लवकर वाळे, इस्त्री फारशी मागत नसे आणि फाटता फाटत नसे. आईचे काम हलके झाले, मुलांना घामोळे जास्त आले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी कायमची थंडावत गेली आणि गिरणीच्या कापडाची जागा यंत्रमागाच्या कापडाने अधिकच व्यापली. १९९१ नंतर तयार कपड्यांचा बाजार वाढला तसा गल्लीतला शिंपी कपडे शिवण्याऐवजी चेन बदलणे आणि उंची कमी करणे एवढ्यावर आला. 'वाढत्या अंगाचे' ही भाषा त्याच्याबरोबर गेली. तयार कपड्याला आत दुमड नसते. तो आज बसतो आणि वर्षाने बसत नाही.

त्याच काळात घरे लहान झाली. पूर्वी एका आजीला आठ-दहा नातवंडे असत, आता एका नातवाला दोन आज्या, दोन आजोबा, मामा, मावशी, काका, आत्या. प्रत्येकाने वर्षाला दोनदा, वाढदिवसाला आणि दिवाळीला, एकेक कपडा आणला तरी आईवडिलांनी काही न घेता सोळा कपडे घरात येतात. त्यात फोनवर बोट ठेवले की घरपोच येणारे आणि 'दोन घेतल्यास एक मोफत' असलेले मिळवा.

या खरेदीला नुसती चैन म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. तिच्या मुळाशी पुष्कळदा एक जुनी सल असते. जो बाप ठिगळाची चड्डी घालून शाळेत गेला, तो दुकानात मुलासाठी चौथा शर्ट उचलतो तेव्हा त्याच्या मनात मुलाची गरज नसते, स्वतःचे लहानपण असते. 'आम्हाला मिळाले नाही, त्यांना तरी मिळू दे' या वाक्यात प्रेम आहे. फक्त ते सात वर्षांच्या मुलाला चौथ्या शर्टातून पोचत नाही. त्याला टंचाई माहीतच नाही, मग तिच्यावरचा उतारा त्याला कसा कळावा?

गणित मांडून पाहू

तर मग किती? सूत्र जुनेच घेऊ आणि आजच्या घरांना लावू. दोन धुण्यांमधले दिवस, अधिक वाळायचा एक दिवस, अधिक हाताशी एक. रोज धुणे होत असेल तर एक, एक आणि एक मिळून तीन. यंत्र तिसऱ्या दिवशी लागत असेल तर तीन, एक आणि एक मिळून पाच. दिवसाला तो कपडा दोनदा बदलावा लागत असेल तर दुप्पट. यात हवा मोजायला हवी. नागपुरात मे महिन्यात कपडा तासाभरात कडक वाळतो. रत्नागिरीत किंवा मुंबईत जुलैमध्ये तोच कपडा दोन दिवस घरातल्या दोरीवर लटकतो आणि तरी कुबट वास सोडत नाही. तिथे पावसाळ्यापुरते प्रत्येक प्रकारात एक-दोन वाढवावेत. कपडे किती हा प्रश्न असा घरागणिक आणि गावागणिक बदलतो, म्हणून दुसऱ्याच्या घरची यादी आपल्याला लागू पडत नाही.

वय तर फारच महत्त्वाचे. जन्मतः सुमारे ५० सेंटिमीटरचे मूल वर्षाचे होईतो साधारण ७५ सेंटिमीटरचे होते आणि त्याचे वजन तिप्पट होते. म्हणजे पहिल्या वर्षात माप तीन-चार वेळा बदलते. बारशाला एकाच मापाची पंधरा झबली आली तर त्यांतली निम्मी अंगाला न लागताच लहान होणार. तान्ह्या बाळाला लंगोट भरपूर हवेत, दोन-अडीच डझनही जास्त नाहीत, कारण ते दिवसाला दहा-पंधरा भिजतात. झबली मात्र सात-आठ पुरतात. बारशाला काय आणू, असे कुणी विचारले तर 'वर्षाच्या मापाचे आणा' असे मोकळेपणाने सांगावे. यात संकोच कसला?

एक ते चार हे वय खऱ्या अर्थाने कपडे मागणारे. वरण सांडते, चिखलात बसायचे असते, शी-शूची सवय लागायची असते. दिवसाला चार चड्ड्या लागल्या तर सूत्राप्रमाणे बारा. वरचे कपडे दिवसाला दोन-तीन, म्हणजे सात-आठ. संख्या थोडी सैल सोडायची तर या वयात सोडावी, पण ते कपडे साधे, सुती आणि डाग पडला तरी कुणाला वाईट वाटणार नाही असे असावेत. मोठ्या भावंडांचे, चुलत-मावस भावंडांचे उतरलेले कपडे या वयाला सगळ्यांत चांगले. या वयाला आपण कुणाचे कपडे घालतो याची लाज नसते.

पाच ते दहाच्या शाळकरी मुलाचे बघू. या वयात उंची वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरने वाढते, म्हणजे थोडा मोठा घेतलेला कपडा दीड-दोन वर्षे चालतो. गणवेश दोन, पावसाच्या गावात तीन. संध्याकाळी खेळायचे तीन, रात्रीचे तीन, बाहेर जायचे तीन, सणाचा एक. बेरीज बारा-तेरा. आतले कपडे सात-आठ, मोज्यांचे चार जोड, एक रेनकोट, एक स्वेटर, नाशिक-नागपूरकडे दोन. आतले सोडले तर डझनभर कपड्यांत शाळकरी मुलाचे वर्ष नीट जाते. सव्वा डझन म्हणजे सुखवस्तू. आपल्या घरचे कपाट उघडून मोजले तर यापेक्षा किती जास्त निघतात, हे ज्याचे त्याने पाहावे.

वयात येणाऱ्या मुलांचे गणित पुन्हा वेगळे. मुलींची उंची साधारण दहा ते बारा या वयात आणि मुलांची त्यानंतर एक-दोन वर्षांनी झपाट्याने वाढते. अशा वेळी एकदम घेऊन ठेवू नये, दर चार-सहा महिन्यांनी थोडे घ्यावे. मुलीची पाळी सुरू झाली की तिचे आतले कपडे वाढवायला हवेत आणि ते तिच्या हाताशी, न मागता मिळतील असे हवेत. इथे काटकसर करू नये. पोशाख मात्र तिने निवडावा. संख्या घराने ठरवावी आणि निवड मुलांनी करावी, ही वाटणी या वयात दोघांनाही मानवते.

हौसेची जागा

कुणी म्हणेल, हा हिशेब फार कोरडा झाला. कपडा म्हणजे नुसती अंग झाकण्याची सोय असते का? नसतेच. वाढदिवसाला शाळेत रंगीत कपडे घालून जाण्याचा आनंद, खणाच्या परकर-पोलक्यात गिरक्या घेण्याचा आनंद, मुंजीत कद नेसून मिरवण्याचा आनंद यांना मोल नाही. म्हणून वरच्या बेरजेत सणाचा एक धरलेला आहे, आणि तो मनापासूनचा असावा. जरा महाग असला तरी चालेल. पण अशा कपड्याचे सुख त्याच्या एकटेपणात असते. असे सात कपडे झाले की त्यांतल्या कुणालाच तो मान उरत नाही.

आकडेच घेऊ. वर्षात रविवार बावन्न. सण, लग्ने, वाढदिवस मिळून आणखी पंचवीस-तीस प्रसंग. म्हणजे 'बाहेरचे' कपडे घालण्याच्या वेळा सुमारे ऐंशी. मुलीकडे असे तीस पोशाख असतील तर वर्षाकाठी एकेक तीनदाही अंगाला लागत नाही, आणि वर्षाने माप बदलते. पाच असतील तर प्रत्येक सोळा वेळा घातला जातो, पैसे फिटतात आणि त्यांतला आवडता कोणता हे मुलीला सांगता येते. हजार रुपयांचा फ्रॉक तीनदा घातला तर एका वेळेला तीनशेहून जास्त पडले. इतक्या भाड्याने तर लग्नातला शेरवानीसुद्धा मिळेल.

जास्तीचे ओझे

जास्तीच्या कपड्यांची किंमत दुकानात भरून संपत नाही. ती घरात रोज भरावी लागते आणि बहुधा बाईमाणसाने भरायची असते. धुवायला यंत्र आहे, पण वाळत घालणे, काढणे, घड्या घालणे, उलटे सुलटे करणे, तोकडे झालेले बाजूला काढणे याला यंत्र नाही. कपडे विकत घेणारा एक, वापरणारा दुसरा आणि सांभाळणारी तिसरी असली, की संख्या वाढते. कारण ज्याने ठरवले त्याच्या अंगावर काम पडत नाही.

मुलांवरही त्याचा भार येतो. महागाचा कपडा अंगावर असला की 'मळवू नकोस', 'मातीत बसू नकोस', 'आंबा खाताना जपून' ही वाक्ये मागे लागतात. मुलींच्या वाट्याला ती जास्त येतात. जाळीचा झगा टोचतो, चमकीचा काठ घासतो आणि घसरगुंडीवर बसता येत नाही. मुलीच्या कपड्यांना बहुधा खिसाही नसतो. तिने गोट्या, चिंचोके, रंगीत दगड ठेवायचे कुठे? तिचे कपाट मुलाच्या कपाटाहून भरलेले असते आणि खेळायला उपयोगी कपडे मात्र त्यात कमी असतात. मोजताना हेही मोजावे, की यांतल्या कितींत तिला झाडावर चढता येईल.

'जास्त झाले तर देऊन टाकू' हा आपला आवडता दिलासा. पूर्वी बोहारीण यायची, शर्ट-साड्या उलटसुलट पाहायची आणि घासाघीस करून स्टीलचा डबा द्यायची. तिच्या व्यवहारात एक प्रामाणिकपणा होता. फाटके ती घेत नसे. दान करताना आपण तेवढे कठोर नसतो. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या वापरलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. घरदार गेलेल्या कोळ्यांनाही दुसऱ्याने टाकलेले नको होते. दिल्लीत १९९९मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केलेल्या 'गूंज' या संस्थेने याच प्रश्नावर काम केले. गावाने विहीर खणावी, बांध घालावा आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घ्यावेत, भीक म्हणून नव्हे. गुप्ता यांना २०१५मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कामवाल्या बाईच्या हातात पिशवी ठेवण्यापूर्वी आपणही एवढे बघावे, की कपडा धुतलेला, गुंड्या असलेला आणि तिच्या मुलाच्या मापाचा आहे का. त्याहून उरलेले पानिपतसारख्या ठिकाणी जाते. तिथे जुने कपडे फाडून, पिंजून पुन्हा सूत काढतात आणि कांबळी विणतात. परदेशांतूनही तिथे गठ्ठे येतात. तोही उपयोगच, पण तीनदा घातलेल्या फ्रॉकची ती फार लवकर आलेली अखेर आहे.

ज्यांच्या कपाटात काही नाही

हा सगळा विचार कपाट भरलेल्यांचा झाला. आपल्याच राज्यात लाखो मुले अशी आहेत, की त्यांच्यासाठी 'किती' हा प्रश्न सरकार सोडवते. समग्र शिक्षा योजनेत पात्र विद्यार्थ्याला वर्षाला दोन गणवेश मिळतात आणि त्यासाठी दोहोंचे मिळून ६०० रुपये धरलेले आहेत. दोन गणवेश म्हणजे एक अंगावर आणि एक दोरीवर. कपाटात काही नाही. पावसाळ्यात दोरीवरचा वाळला नाही तर मूल ओल्यानेच जाते किंवा घरी राहते.

हे दोनसुद्धा वेळेवर मिळतातच असे नाही. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात महाराष्ट्रात सगळ्यांना एकसारखे गणवेश मध्यवर्ती पद्धतीने देण्याची योजना आखली गेली. त्यांतला एक नेहमीचा आणि एक स्काऊट-गाईडचा. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, महिने लोटले, तरी अनेक शाळांत गणवेश पोचले नाहीत, आणि जिथे पोचले तिथे मापाच्या तक्रारी आल्या. डिसेंबर २०२४मध्ये सरकारने गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले. सोलापूरसारखे गणवेश शिवण्यासाठी नावाजलेले शहर ज्या राज्यात आहे, तिथली ही गोष्ट. ज्या मुलाला दोनच मिळायचे, त्याला एक उशिरा मिळणे म्हणजे निम्मे मिळणे होय. आपल्या मुलाचा गणवेश शाळा बदलल्यामुळे किंवा उंची वाढल्यामुळे धडधाकट असतानाच बाजूला पडला, तर त्याच शाळेच्या दुसऱ्या मुलाकडे तो जूनच्या आत पोचवणे हे एक दान असे आहे, की ते मोजून-मापून कामाला येते. काही शाळांतले पालक दर मे महिन्यात अशी अदलाबदल करतात. त्यात देणारा कोण आणि घेणारा कोण, हे कुणाला कळतही नाही.

आपल्या घरात वर्षातून दोनदा, शाळा सुरू होण्यापूर्वी आणि दिवाळीपूर्वी, कपाट रिकामे करून मुलांसह मोजायला बसावे. प्रत्येक कपडा अंगाला लावून बघावा. होतो, होत नाही, होतो पण आवडत नाही, असे तीन ढीग करावेत. मग यादी करावी आणि यादीबाहेरचे घेऊ नये. नातेवाइकांना ती यादी सांगावी. आजीला वाईट वाटेल असे वाटते, पण बहुतेक आज्यांना नातवाला काय हवे हे कळले तर आनंदच होतो. मुले आठ-नऊ वर्षांची झाली की त्यांच्या कपड्यांच्या घड्या त्यांनी घालाव्यात, मुलांनीही आणि मुलींनीही. जो घड्या घालतो त्याला संख्या कळते. 'आई, मला एवढे नकोत' हे वाक्य मग आपण शिकवावे लागत नाही. ते त्यांचे ते म्हणतात.